एकटीनं बँकॉक भटकताना: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पंचवटीत वाढले, आता गंगापूर रोडला राहते. वय 52. आतापर्यंत तीनदा बँकॉकला एकटी जाऊन आले. परत आल्यावर गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी चालताना, भिशीत, लग्नाच्या पंगतीत तेच ते प्रश्न येतात. विचारणाऱ्यांत कॉलेजच्या मुली असतात आणि निवृत्त झालेले काकाही असतात. म्हणून सगळी उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

एकटी कशाला? चांगल्या ग्रुप टूर मिळतात की.

मिळतात, आणि ज्यांना सोबत हवी त्यांनी जरूर जावं. मला टूरमध्ये एकच गोष्ट सलते: जिथे जीव रमतो, तिथूनच उठावं लागतं. बस लागलेली असते, पुढचे तीन पॉइंट बाकी असतात. फुलबाजारात बाई हार कशी ओवते हे बघत मला तासभर उभं राहायचं असेल, तर चाळीस माणसं माझ्यासाठी का थांबतील? एकटीला तो तास मिळतो.

पण बँकॉकच का? नाव काढलं की लोक वेगळ्याच नजरेनं बघतात.

बघतात, हे खरं आहे. आमच्या नात्यातही एकदोघांनी भुवया उंचावल्या. त्या शहराचे दोन-चार रस्ते तशा धंद्यासाठी जगभर प्रसिद्ध आहेत, पण त्या दोन-चार रस्त्यांवरून अख्ख्या शहराला नाव ठेवणं हा तिथे पहाटे चारला उठून दुकान लावणाऱ्या लाखो बायाबापड्यांवर अन्याय आहे. मी पाहिलेलं बँकॉक म्हणजे नदी, देवळं, कालवे, शिवणयंत्रांची घरघर आणि पदपथावर मांडलेली स्वयंपाकघरं. आपल्या मेनरोड-भद्रकालीच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला ते शहर परकं वाटत नाही. पहिल्या परदेशवारीसाठी मी ते बिनधास्त सुचवते.

नाशिकहून जायचं कसं? व्हिसाचं काय?

विमान मुंबईहून. साधारण साडेचार तासांत पोहोचवतं. मुंबईपर्यंत सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरून दादरला उतरता येतं. गाडीनं जाणार असाल तर समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटातली रखडपट्टी टळते. तरी विमानाच्या वेळेआधी चार तास हातात राहतील असंच निघा. भिवंडीच्या पुढची वाहतूक कुणाचं ऐकत नाही.

जुलै 2024 मध्ये थायलंडनं भारतीय पर्यटकांना 60 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला. असे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, शेजारच्यांनी सांगितलं यावर जाऊ नका. शिवाय 1 मे 2025 पासून थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते भरायचं आणि ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून जवळ ठेवा. फोनची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत संपते.

विमानतळावर उतरल्यावर एकटीला गोंधळायला होत नाही?

विमानतळाचं नावच सुवर्णभूमी आहे आणि आत समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे. मंदराचल, वासुकी, देव आणि दानव. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा पोटातला गोळा निम्मा विरघळला.

तिथेच पासपोर्ट दाखवून सिम घ्या, घरी फोन करा आणि तळमजल्याच्याही खालून सुटणाऱ्या एअरपोर्ट रेल लिंकनं शहरात या. फया थाई या शेवटच्या स्टेशनापर्यंत अर्धा तास लागतो, तिकीट 45 बाट. घड्याळ दीड तास पुढे करायला विसरू नका.

राहायचं कुठे?

मेट्रोच्या किंवा स्कायट्रेनच्या स्टेशनापासून पाच-सात मिनिटं चालत, एवढी एकच अट ठेवा. मी पहिल्यांदा सुखुमवितला राहिले आणि नंतर दोन्ही वेळा जुन्या शहराजवळ, साम योत स्टेशनच्या आसपास. जुनं शहर मला जास्त भावलं. तिथल्या गल्लीला 'सोय' म्हणतात. मोठ्या रस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांना आकडे असतात, विषम एका बाजूला आणि सम दुसऱ्या बाजूला. एवढं कळलं की पत्ता सापडतो.

"नुसतं भटकायचं" म्हणजे नेमकं काय करायचं? दिवस कसा जातो?

माझी पद्धत सांगते. एका दिवसाला एकच भाग घ्यायचा. सकाळी लवकर निघायचं, ऊन चढलं की परतायचं, पुन्हा पाच वाजता बाहेर पडायचं. आणि जो भाग आवडला तिथे दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत जायचं. तीन वाऱ्यांत मला उमगलेली ही एकच गोष्ट आहे: पहिल्या फेरीत दुकानं दिसतात, दुसऱ्या फेरीत माणसं दिसायला लागतात. यादीतली दहा ठिकाणं गाळा, पण एका तरी गल्लीत दुसऱ्यांदा जा.

पाक ख्लोंग तलात या फुलबाजाराचंच बघा. तो चोवीस तास चालतो, पण खरा फुलतो मध्यरात्रीनंतर. सनाम चाय मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. मी पहाटे पाचला पोहोचले तेव्हा झेंडूच्या पिवळ्याजर्द पिशव्यांच्या थप्प्या, बर्फात ठेवलेली कमळं आणि मोगऱ्याचा तोच वास होता, जो लहानपणी आजीबरोबर सराफ बाजाराजवळ फुलं आणायला गेल्यावर यायचा. तिथल्या बायका 'फुआंग मालाय' नावाचे छोटे हार ओवतात. लांब सुईवर मोगऱ्याच्या कळ्या इतक्या घट्ट बसवतात की हार कोरल्यासारखा दिसतो. पहिल्या दिवशी मी नुसती बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. तिसऱ्या दिवशी सुई माझ्या हातात दिली आणि माझ्या चार कळ्या तुटल्यावर पाचवी स्वतः बोट धरून बसवून दिली. आम्हाला एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

दुसरी गल्ली तलात नोईची. नावाचा अर्थच 'छोटा बाजार'. यावराट या चायनाटाउनला लागून, नदीकाठी. जुन्या गाड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग तिथे घरांच्या दारात डोंगरासारखे रचलेले असतात. काळं तेल, लोखंडाचा वास, मधूनच एखादं चिनी देऊळ आणि त्यातली उदबत्ती. भिंतीवरची चित्रं बघायला तरुण पोरं येतात, पण मला आवडतात ते गिअर पुसत बसलेले म्हातारे.

आणि संध्याकाळी लुंफिनी पार्क. नाव बुद्धाच्या लुंबिनीवरून. तळ्याकाठी पुरुषभर लांबीच्या घोरपडी निवांत फिरतात, त्यांना वाट द्या, त्या काही करत नाहीत. संध्याकाळी सहाला भोंग्यावर राष्ट्रगीत लागतं आणि पळणारा, चालणारा, व्यायाम करणारा प्रत्येक माणूस जागच्या जागी उभा राहतो. आपणही उभं राहायचं. गीत संपतं आणि सगळं पार्क पुन्हा पळायला लागतं.

शहरात फिरायला सगळ्यात चांगलं साधन कोणतं?

बोट. कुणी काही म्हणो, चाओ फ्राया नदीवरची साधी नारिंगी झेंड्याची बोट. पर्यटकांची निळ्या झेंड्याची बोट वेगळी आणि महाग असते. नारिंगी झेंडेवालीत ऑफिसला जाणारे, शाळेची मुलं, भगव्या वस्त्रातले भिक्खू असे सगळे चढतात आणि तिकीट वीस बाटच्या आत असतं. कंडक्टर बाईंच्या हातात पत्र्याची लांबट नळी असते. तीत नाणी वाजवत त्या येतात आणि त्याच नळीच्या कडेनं तिकीट फाडतात. एसटीच्या कंडक्टरची ती जुनी टिकटिक ज्यांनी ऐकली आहे त्यांना तो आवाज लगेच ओळखीचा वाटेल. धक्क्यावर बोट टेकते न टेकते तोच निघते, म्हणून पायात पट्ट्याच्या चपला घाला आणि गुडघे दुखत असतील तर गर्दीच्या वेळा टाळा.

था तियन धक्क्यावरून पलीकडे वाट अरुणला पाच बाटमध्ये छोटी होडी सोडते. वाट अरुण म्हणजे अरुणाचं, पहाटेच्या देवाचं देऊळ. लांबून ते दगडी वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की चिनी मातीच्या फुटक्या भांड्यांचे तुकडे बसवून त्याची फुलं केलेली आहेत. तिथल्या पायऱ्या फार उभ्या आहेत.

बाकी मेट्रो आणि स्कायट्रेन उत्तम आहेत, तिकीट 17 बाटपासून. मेट्रोला आपलं टॅप करायचं बँक कार्ड चालतं. टुकटुक एकदा हौसेनं करा, पण भाडं आधी ठरवून. रोजच्यासाठी ग्रॅब किंवा बोल्ट ॲप बरं.

मी पूर्ण शाकाहारी आहे. उपाशी राहायची वेळ येईल का?

नाही, पण सावध राहावं लागेल. अडचण मांसाची नसते, ती तर दिसते. अडचण 'नाम प्ला' म्हणजे माशाच्या सॉसची आणि 'कापी' म्हणजे कोळंबीच्या पेस्टची असते. नुसत्या भाज्यांच्या रस्स्यातही ती असू शकतात, आणि विकणाऱ्याला त्यात मांसाहार वाटत नाही. त्यामुळे "भाजी द्या" एवढं सांगून भागत नाही.

लक्षात ठेवायचा शब्द 'जे'. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात เจ असं लिहिलेलं असतं. ती पताका म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, वर कांदा-लसूणही नाही. म्हणजे आपल्याकडच्या जैन जेवणाच्या जवळचं. "छन किन जे", म्हणजे 'मी "जे" जेवण जेवते', हे वाक्य पाठ करा. पुरुषांनी 'छन'च्या जागी 'फोम' म्हणावं. ती पताका असलेल्या टपरीवर भात आणि दोन भाज्या घेऊन मी कितीतरी दुपारी जेवले आहे.

ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव असतो आणि तेव्हा यावराटचा अख्खा रस्ता पिवळा होतो. तो चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस चालतो आणि बऱ्याच वर्षी आपल्या नवरात्राशी जुळतो. 2023 मध्ये दोन्ही 15 ऑक्टोबरला सुरू झाले. त्याच वेळी सिलोममधल्या मारिअम्मनच्या देवळात नवरात्र असतं आणि दसऱ्याच्या रात्री देवीची मिरवणूक निघते. थाई लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना झेंडूची आरास मांडून बसतात. घटस्थापनेला घर सोडून जायला माझ्या सासूबाईंनी परवानगी दिली, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

घरच्या चवीची आठवण आलीच तर फाहुरातला जा. कापडाचा बाजार, शीख वस्ती, आणि सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा. सकाळी तिथे लंगर असतो. डोकं झाका, जेवा, आणि जमेल तर ताटं घासायला हात लावा.

एकट्या बाईला सुरक्षित आहे का?

माझ्या अनुभवात, हो. रात्री दहा-अकरापर्यंत रस्त्यांवर बायका स्वतःच ठेले चालवत असतात आणि जिथे बायका धंदा करतात तिथे मला धीर येतो. तरी काही गोष्टी मी पाळते. मोकळ्या अंधाऱ्या सोयीत शिरत नाही. कुणी दिलेलं पेय घेत नाही. पर्स रस्त्याच्या विरुद्ध खांद्यावर अडकवते. रोज रात्री नऊला घरी एक मेसेज टाकते. लग्न झालंय का, एकट्या आहात का, असं टॅक्सीवाल्यानं विचारलं तर "हॉटेलवर बहीण वाट बघतेय" असं सांगायला हरकत नाही. पदपथावरून मोटरसायकली येतात, कानात इअरफोन घालून चालू नका.

फसवणूक होते का? तुमची झाली का?

झाली. पहिल्याच वारीत राजवाड्याच्या भिंतीशी इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ भेटले. अगदी अदबीनं म्हणाले, आज पूजा आहे, वाडा दुपारी उघडेल, तोवर या टुकटुकवाल्याबरोबर वीस बाटमध्ये तीन देवळं बघून या. देऊळ एकच दाखवलं, मग एका दागिन्यांच्या दुकानात नेऊन सोडलं. दार लावून घेतलं नव्हतं, पण दोन माणसं दाराशी उभी होती आणि मी घाबरले. काही न घेता बाहेर पडायला मला पाऊण तास लागला. परत राजवाड्याशी आले तेव्हा साडेतीन होऊन गेले होते, तिकीट खिडकी बंद. वाडा सकाळपासून उघडाच होता.

पैसे गेले नाहीत, पण तो दिवस गेला आणि त्या रात्री मी खोलीतून बाहेर पडले नाही. म्हणून कळकळीनं सांगते: राजवाडा बंद आहे की उघडा, हे फक्त दारावरचा गणवेशातला माणूस सांगेल. रस्त्यात कुणीही सांगितलं तरी थांबायचं नाही, मान हलवायची आणि चालत राहायचं. पर्यटक पोलिसांचा नंबर 1155, तो फोनमध्ये आधीच टाकून ठेवा.

देवळांत काय घालायचं? आणि आपल्या माणसानं तिथे आवर्जून काय पाहावं?

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सुती सलवार-कमीज सगळ्यात सोयीचं. बाईनं भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, बोटीत त्यांच्या राखीव जागेवर बसायचं नाही. पाय मूर्तीकडे करायचे नाहीत, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. आणि तिथल्या राजघराण्याबद्दल चेष्टेतही बोलू नका, कायदा फार कडक आहे.

पाहायचं काय? राजवाड्याच्या आवारातलं वाट फ्रा केव. तिकीट 500 बाट आहे, महाग आहे, तरी द्या. पाचूचा म्हणून ओळखला जाणारा हिरव्या दगडाचा बुद्ध तिथे आहे, उंची फक्त 66 सेंटिमीटर. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे वर्षातून तीनदा त्याचे कपडे बदलतात आणि तो मान राजाचा.

पण मी तिथे जाते ती भोवतालच्या ओवरीसाठी. त्या ओवरीच्या भिंतींवर रामकियनची, म्हणजे थाई रामायणाची, 178 चित्रं आहेत. रावण तिथे तोसकन, दशकंठ, अंगाचा रंग हिरवा. सीता त्याचीच मुलगी. मारुती पांढराशुभ्र आणि आपल्या मारुतीसारखा ब्रह्मचारी नाही. सुवर्णमत्स्या या मत्स्यकन्येच्या तो प्रेमात पडतो आणि त्यांना मुलगाही होतो. ज्यांना हे ऐकून वाईट वाटेल त्यांना सांगते, चित्रांतली भक्ती तसूभरही कमी नाही.

सुवर्णमृगाच्या प्रसंगापाशी मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पाय हलेनात. सीता गुंफेपासून आमचं जुनं घर दहा मिनिटांवर. "इथूनच नेलं सीतामाईला," असं आजी बोट दाखवून सांगायची. इथेच शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून हे नासिक. आमच्या आळीची ती गोष्ट तीन हजार किलोमीटरवर सोन्याच्या रंगात रंगवलेली आणि शाळेची थाई मुलं त्यापुढे बसून वहीत काढतायत. तिथल्या राजांना राम पहिला, राम दुसरा असंच म्हणतात आणि जुनी राजधानी अयुथया म्हणजे अयोध्याच. पंचवटीतून कुणी जाणार असेल तर ओवरीसाठी दोन तास राखून ठेवा, टूरवाले पंधरा मिनिटं देतात.

भाषा येत नाही, मग?

इंग्रजी कामापुरतं चालतं. पण आपल्याला एक आयती सवलत आहे. 'सवात्दी' हे स्वस्तीवरून आलेलं. 'आहान' म्हणजे जेवण, आपला आहार. 'फासा' म्हणजे भाषा. 'ख्रू' म्हणजे गुरू, शिक्षक. 'नाखोन' म्हणजे नगर. वाक्याच्या शेवटी बाईनं 'खा' आणि पुरुषानं 'ख्रप' जोडलं की ते आदराचं होतं. आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या माणसाला 'फी' म्हणतात, ताई आणि दादा दोन्हींसाठी एकच शब्द. ठेल्यावरच्या वयस्कर बाईला 'पा', म्हणजे काकू. "पा" अशी हाक मारली की चेहरा बदलतो.

पैसे किती न्यावेत?

बाट साधारण अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धरा. फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोकड असं दोन्ही न्या. एटीएम प्रत्येक वेळी परदेशी कार्डावर दोनशेच्या वर बाट कापतं, म्हणून सारखं काढू नका. रुपये तिथे बदलले तर दर पडतो. ठेले, बोट, फुलबाजार यांना सुटे पैसे लागतात.

एकटेपणा येत नाही?

येतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हमखास येतो. पहिल्या वारीत तेव्हा मी पलंगावर बसून परतीचं विमान अलीकडचं मिळतंय का ते बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र रोजच्यासारखी कोपऱ्यावरच्या सोयाच्या दुधाच्या गाडीवर गेले. त्या बाईंनी मला लांबून पाहिलं आणि मी पोहोचायच्या आत पिशवी भरून रबर लावून ठेवली, साखर कमी, मला लागते तशी. विमान बदललं नाही.

म्हणून माझा उपाय तोच: रोज एका ठरलेल्या जागी चहा-दूध काही तरी प्या.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलचं ऊन नाशिकच्या माणसाला सोसत नाही, कारण त्यात दमटपणा आहे. 13 ते 15 एप्रिलला सोंगक्रान असतं, नववर्षाचं पाणी खेळतात. आपली रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंगाचा हौद, ज्यांना आवडते त्यांनी तेव्हा जायला हरकत नाही. मे ते ऑक्टोबर पाऊस.

स्वच्छतागृहं?

मॉलमध्ये, चांगली आणि फुकट. स्टेशनांवर भरवसा ठेवू नका. पाण्याचा जेट जवळपास सगळीकडे असतो.

आजारी पडलं किंवा पासपोर्ट हरवला तर?

प्रवास विमा काढल्याशिवाय निघूच नका. रुग्णवाहिका 1669. आपला दूतावास सुखुमवित सोय 23 मध्ये आहे. पासपोर्टची एक प्रत पिशवीत, एक मेलवर आणि एक घरी ठेवा.

जाताना काय न्यावं, येताना काय आणावं?

जाताना हळदीची छोटी डबी, ओआरएस, छत्री आणि चिवडा. शिवाय मनुक्यांची चार-पाच पाकिटं. ती मी वाटायला नेते. ई-सिगारेट कुणाच्या सांगण्यावरूनही नेऊ नका, तिथे बंदी आहे.

येताना मी फार काही आणत नाही. गेल्या वेळी फुलबाजारातून हार ओवायची ती लांब सुई आणली. आता दर गुरुवारी दत्ताला मोगऱ्याचा हार तिच्यावरच करते. कळ्या अजून तुटतात, दोन-तीन तरी.